ठमाची मोकळवण

हिरडमेटला यायचं तर घाटाच्या तोंडाशी एसटी सोडायची आणि पाऊण तास चढायचं. चढून दम लागतो, म्हणून आलेला पाव्हणा गावात शिरल्या शिरल्या बसायला जागा शोधतो आणि नेमका तिथंच जाऊन टेकतो. गावाच्या मधोमध सपाट, मोकळी, झाडून लख्ख केलेली जागा दिसते. त्याला वाटतं मैदान आहे. लगेच कुठूनतरी आवाज येतो, "ओ पाव्हणं, उठा. तिथं बसत नाय."

उठवणारा एखादा म्हातारा असतो. तो रागावत नाही. बाजूच्या ओटीवर बसवतो, तांब्याभर पाणी देतो आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायला लागतो.

आधी जागा नीट बघा म्हणतो. डोंगराच्या पायथ्यापासून निघते ती सरळ ओढ्यापर्यंत. रुंदी चाळीस पावलं. कुणीही मोजा, चाळीसच भरते म्हणे. लांब टांगेच्या माणसाची बत्तीस भरते, पण ते धरत नाहीत. उगवतीला अर्धं गाव, मावळतीला अर्धं. मध्ये झाड नाही, पार नाही, देऊळ नाही, गुरं बांधायचा खुंटा नाही, गवताची काडी नाही. दोन्हीकडच्या घरांनी तिकडं पाठ केलेली. एक दार तिकडं उघडत नाही, एक खिडकी तिकडं बघत नाही. मधून काहीतरी चाललंय आणि ते कुणालाच बघायचं नाही, अशी ती घरं बसलीत.

ओलांडताना बिडी विझवायची. विस्तव या आळीतून त्या आळीत न्यायचा नाही. झाडायची रोज एका घराची पाळी, आणि झाडणारीनं तोंड डोंगराकडं ठेवून मागं मागं सरकत ओढ्यापर्यंत यायचं. डोंगराला पाठ दाखवायची नाही. नवी सून पहिल्या पाळीला हमखास मागच्या मागं आपटते, आणि दोन्ही आळ्यांच्या पोरी तोंडात पदर कोंबून खिदळतात. सासवा हसत नाहीत.

या जागेला ठमाची मोकळवण म्हणतात.

ठमा कुठल्या राजाच्या वेळची, ते कुणाला सांगता येत नाही. एवढंच सांगतात, की तेव्हा हिरडमेट नावाचं गावच नव्हतं. घरं होती, पण ज्याचं शेत जिथं त्याचं घर तिथं. एक या टेपावर, एक त्या खाचराच्या कडेला, एक पार ओढ्यापलीकडं. सगळी हाकेच्या अंतरावर. म्हणजे वारा सरळ असला तर.

ठमाचं घर सगळ्यात वर, रानाला लागून. घरात ती, नवरा हैबती आणि पाच वर्षांची पोर साळू. एके दिवशी दिवेलागणीला हैबती वासरू बांधायला गोठ्यात गेला. गोठा दहा पावलांवर. ठमा चुलीपुढं होती. डरकाळी वगैरे काही ऐकू आली नाही. डरकाळ्या नाटकातले वाघ फोडतात. नुसती वासराच्या गळ्यातली घंटा वाजली आणि मधेच थांबली. मग दारावर काहीतरी जोरात आदळलं.

ठमानं साळूला उचललं आणि दाराला पाठ लावून बसली. दार दोनदा हललं. तिसऱ्यांदा हललं नाही.

हैबतीनं बाहेरून हाक मारली होती, असं काही जण सांगतात. ठमा जन्मभर म्हणाली, मारली नाही. ती स्वतः मात्र आतून ओरडत राहिली, घसा फाटेपर्यंत. खाचराच्या अल्याड लहानूचं घर होतं. हा लहानू नात्यानं तिचा दीर, घरं शाकारायचं काम करायचा. पण वारा उलटा होता. सकाळी लोक आले तेव्हा हैबती नव्हता. दारावर बाहेरून पाच बोटांचा पंजा उठला होता, माणसाचा. ठमानं शेण कालवलं आणि कुणी विचारायच्या आत तो सारवून टाकला.

त्यानंतर तिला अंधाराची, रानाची, मोकळ्या जागेची अशी भीती बसली की ती दिवसासुद्धा अंगण ओलांडेना. साळूला कमरेला बांधून चुलीपाशी बसायची. शेवटी एक दिवस ती राघू नाईकाकडं गेली. वाडीचा कारभार नाईकाच्या शब्दावर चालायचा. ती म्हणाली, "नाईक, समदी एका जागी या. वळचणीला वळचण लावून घरं बांधा. नायतर आज हैबती, उद्या तुमचं पोर."

तिनं मागितलं म्हणून नाही, तर सगळ्यांच्याच पोटात तेच होतं म्हणून ते झालं. दोन महिन्यांत टेपावरची, खाचराकडची, ओढ्यापलीकडची घरं उठली आणि एका जागी आली. अशी खेटून, की एकाच्या छपराचं पाणी दुसऱ्याच्या छपरावरून जायचं. मधल्या बोळी एवढ्या अरुंद, की समोरून माणूस आला तर एकानं मागं सरायचं, आणि कोण सरायचं यावरून भांडणं. भोवतीनं करवंदीच्या काट्यांचं उंच कूप, त्याला एकच तोंड. बरोब्बर मध्ये ठमाचं घर. गावानं तिला सगळ्यात आतली जागा दिली.

वाघ यायचा. संध्याकाळी कुपाबाहेर काटक्या मोडल्याचा आवाज पूर्ण गावाला फेरी घालायचा, एकदा इकडून, एकदा तिकडून. जेवणारे घास तोंडात धरून बसायचे. आवाज गेला की चावायचे. पण अकरा वर्षांत आत एकदाही आला नाही. माणसं निवांत झाली. या चुलीवरून त्या चुलीवर मीठमिरची हातोहात जायची. एकाला शिंक आली की सात घरांतली कामं खोळंबायची. ठमा पुन्हा झोपायला लागली. साळूचं घाटाखाली लग्नही झालं.

बाराव्या वर्षी वैशाखात, भर दुपारी, आग लागली.

तेव्हा राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप टाकायच्या तुकड्यावर पालापाचोळा, शेणी, फांद्या पसरून तो जाळतात, तो राब. पेटवायच्या आधी भोवतीनं चार पावलांचा पट्टा झाडून घेतात, काडीसुद्धा ठेवत नाहीत. म्हणजे जाळ पळत नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या दिवशी मावळतीचा वारा सुटला आणि एका राबावरचं जळकं पान उडून पहिल्या छपरावर बसलं. माणसं शेतात. घरात म्हातारी आणि तान्ही. एका छपरावरून दुसऱ्यावर जायला आगीला उडी मारावी लागली नाही, ती नुसती चालत गेली. बोळींत माणसं अडकली. कुपाचं तोंड एकच, आणि आत येणारे अन् बाहेर जाणारे तिथंच एकमेकांवर पडले.

नऊ घरं गेली. लहानूची आई गेली, आणि तिच्या मांडीवरची लहानूची लेक.

दहावं घर जळालं नाही. का नाही, ते त्या वेळी फक्त ठमानं बघितलं, असं सांगतात. नवव्या घराच्या पुढचं एक घर मागच्या पावसाळ्यात बसलं होतं. लाकडाच्या मेढी उपटून, छपराचं गवत उचलून नेलेलं. उघड्या जमिनीवर पोरं गोट्या खेळायची. जाळ तिथपर्यंत आला, जमिनीवर वाकला, चाचपडला आणि जागच्या जागी जळून खाली बसला. पलीकडं ठमा उभी होती. तिच्या तोंडावर आच लागत होती आणि तिच्या डोक्यात राबाभोवतीचा पट्टा आला.

आणि दुसऱ्या क्षणी दुसरी गोष्ट आली. पट्टा काढायचा तर गाव मधून फाडावं लागणार, आणि मध्ये तिचं घर.

ती बोलली नाही. जळालेली घरं पुन्हा तशीच उभी राहिली, वळचणीला वळचण. गोट्यांची ती जागासुद्धा भरून काढली. लहानू तिथं छपरावर बसून बांधत होता आणि खालून त्याच्या हातात गवताच्या पेंढ्या ठमाच देत होती.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. माघात साळू बाळंतपणाला आली, सातवा भरत आलेला. कुपातून आत शिरली आणि बोळीत अडकली. पोट या भिंतीला, पाठ त्या भिंतीला.

"आय," ती हसत म्हणाली, "मला वरनं उचलून टाकाय लागतंय बघ. तुमचं गाव हाय का उंदराचं बीळ?"

आजूबाजूच्या बायका पोट धरून हसल्या. ठमाही हसली. मग तिनं बोटांवर महिने मोजले. साळूचे दिवस वैशाखात भरत होते. वैशाखातली ओली बाळंतीण, कडेला तान्हं, आणि ही बोळ. परत घाट उतरवायची तर सातव्या महिन्यात तो उतार तिला सोसणार नव्हता. तिला इथंच राहायचं होतं.

होळी झाली. गवत वाळून कडकडायला लागलं. त्या आठवड्यात गावाची बैठक बसली तेव्हा ठमा उठून उभी राहिली. बाईमाणूस उठल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या. तिनं मनातलं सांगितलं.

राघू नाईक ऐकून घेऊन म्हणाला, "ठमे, बारा वर्सांमागं तूच म्हणालीस, गोळा व्हा. आम्ही झालो. आता म्हणतीस पांगा. उद्या म्हणशील झाडावर चढा."

लोक हसले.

"पांगा नाय म्हणत, नाईक. मधनं फाडा म्हणते. सहा घरं काढायची, डोंगरापासनं ओढ्यापत्तुर, चाळीस पावलं. राबाचा जाळ गुडघ्याएवढा, त्याला आपण चार पावलं झाडतो. घराचा जाळ सावरीच्या झाडाएवढा. हिशेब तुम्हीच करा."

"आणि तो?" मागून कुणीतरी विचारलं. त्याचं नाव कुणी घेत नसत.

"त्याला काय, पालखीची वाट करून देती ही," दुसरा म्हणाला. "ठमावयनी, तोरण बी बांधू का?"

"येईल तो," ठमा म्हणाली. "मला ठावं हाय येईल. पण त्यो एक माणूस नेतो. आग मोजून नेत नाय."

कुणी हसलं नाही. लहानू मान खाली घालून बसला होता. तो म्हणाला, "आणि तो एक कोण?"

"मी. माझं घर आधी काढा. मी तिथंच उघड्यावर ऱ्हाते." मग जरा थांबून ती म्हणाली, "लहानूभावजी, तुमची आय जळाली त्याच दिशी मला हे कळलं हुतं. वरीसभर बोलले नाय. भ्याले."

लहानू उठला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता तो कोयता घेऊन आला. तिच्याशी बोलला नाही, तिच्याकडं बघितलं नाही. तिच्या छपरावर चढला आणि एकेक बंध तोडायला लागला. दुपारपर्यंत ठमाचं घर नव्हतं. मग त्यानं शेजारचं स्वतःचं घर काढलं आणि मावळतीच्या कडेला नव्यानं उभं केलं. साळूला तिथं नेलं. बाकीची चार घरं महिनाभरात निघाली. शेवटचं नाईकाचं. नाईक रोज म्हणायचा उद्या. एक दिवस तो शेतातून आला तर त्याची बायको गोदी छपरावर बसलेली आणि अर्धं पाखं खाली.

"जेवाण?" नाईकानं विचारलं.

"मोकळ्यात," गोदी वरून म्हणाली.

दोन्ही टोकांना कूपही तोडलं आणि गाव फाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा डोंगर गावाच्या आत आल्यासारखा वाटला. लोकांनी त्या बाजूची दारं काढली, खिडक्या बुजवल्या, कुडाच्या भिंतींना हातभर जाड चिखल थापला. सूर्य कलला की दोन्ही आळ्या आत.

ठमानं डोंगराच्या तोंडाशी वाघोबाचा धोंडा आहे त्याला शेंदूर लावला आणि बोलली, "साळू सुखरूप घाट उतरेपत्तुर मी या मोकळ्यात हाय. न्यायचं तर मला ने. भिंतीमागच्याला हात लावू नको." घोंगडी अंथरली आणि बसली. ज्या बाईला अंगण ओलांडवत नव्हतं ती.

दोन्ही बाजूंची हिरड्याची पानं वाऱ्यानं त्या पट्टीत यायची. पानं साठली तर पट्टीचा उपयोग काय. म्हणून ती रोज संध्याकाळी झाडायची. पहिल्या दिवशी डोंगराला पाठ करून दोन हात मारले आणि मानेवरचे केस उभे राहिले. तेव्हापासून तोंड डोंगराकडं. सकाळी झाडलेल्या मातीत पंजे उठलेले असायचे. डोंगरातून येऊन सरळ ओढ्याकडं गेलेले, तसेच परत. तेव्हा कळलं, की तो अकरा वर्षं गावाला फेऱ्या का घालत होता. त्याची पाण्याची वाटच इथून होती, आणि गाव नेमकं तिच्यावर येऊन बसलं होतं.

पहिल्या दिवशी पंजे घोंगडीपासून वीस हातांवर होते. आठवड्यानं दहा. मग तीन. ठमा कुणी उठायच्या आत ते पुसायची. तिच्या अंगावरचं मांस उतरलं. गोदी भाकरी घेऊन यायची आणि भिंतीच्या कोपऱ्यावरून सरकवायची, पट्टीत पाय ठेवायची नाही.

"गं, कशी राहतीस?" तिनं एकदा विचारलं.

"भीत भीत," ठमा म्हणाली.

वैशाखात साळू बाळंत झाली. मुलगी झाली. बाराव्याच्या दिवशी दुपारी मावळतीच्या डोंगरामागून धूर वर आला. या खेपेला राब नव्हता, रान पेटलं होतं. वारा मावळतीचाच. बघता बघता आग कूप खाऊन मावळतीच्या आळीत शिरली. पण आता बोळी मोकळवणीत उघडत होत्या. माणसं त्या बाजूला धावली. साळूला बोळीतून आणायला लहानूकडं वेळ नव्हता. त्यानं स्वतः थापलेली मागची भिंत लाथांनी फोडली आणि बाळंतिणीला खाटेसकट भोकातून ओढून बाहेर काढलं. साठ-सत्तर माणसं पट्टीत येऊन उभी राहिली. पुढं उगवतीच्या बंद भिंती. मागं जाळ. ओढ्याच्या तोंडाशी कुपाचा उरलेला तुकडा होता, तोही पेटला. एक डोंगराकडचं तोंड तेवढं मोकळं.

त्या तोंडात तो उभा होता.

रानाच्या आगीनं त्याला खाली ढकललं होतं. सांगतात की त्याच्या मिशा जळून गेल्या होत्या आणि एका कुशीचे केस काळे पडले होते. नाईकाच्या हातात काठी होती. ती केव्हा गळून पडली ते त्याला कळलं नाही. साळूनं पोर छातीशी एवढी दाबली की ती रडायला लागली.

वाघानं कान वळवला. रडण्याकडं.

ठमा पुढं गेली. हातात झाडू. ती त्याच्यापुढं उभी राहिली आणि झाडायला लागली.

लोकांना वाटलं बाई वेडी झाली. पण वरून निखारे पडत होते. पेटती पानं, गवताचे जळते पुंजके पट्टीवर येऊन लोळत होते, आणि वारा त्यांना उगवतीच्या घरांकडं ढकलत होता. एक जरी तिकडच्या वळचणीला लागलं असतं तर दोन्हीकडून जाळ आणि मध्ये माणसं. ती निखारे मावळतीकडं लोटत होती. तोंड वाघाकडं. पाठ फिरवली तर तो येणार, आणि झाडणं थांबवलं तर आग येणार. वाघाच्या मागं रान जळत होतं, म्हणून तो एक पाऊल पुढं टाकी. ही एक पाऊल मागं. एक हात इकडं, एक हात तिकडं. खर्र, खर्र. जाळाच्या त्या आवाजातसुद्धा तेवढंच ऐकू येत होतं म्हणे. तिच्या पदराची कड जळत होती. माणसं तिच्या मागं मागं सरकत ओढ्याकडं निघाली, कुणी सांगितलं नसताना, एका चालीनं.

ओढ्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत कुपाची राख झाली होती. माणसं दोन्ही अंगांना सरकली. मध्ये वाट झाली. ठमा साळूच्या पुढं उभी राहिली. पोर अजून रडत होती. तो तिथं थांबला, दोन हातांवर. त्याच्या अंगाचा जळका वास येत होता. ठमाचा हात थांबला नाही. खर्र, खर्र. मग तो तिच्या कडेनं गेला, राख तुडवत ओढ्यात उतरला आणि मानेपर्यंत पाण्यात बसला.

संध्याकाळपर्यंत मावळतीची आळी राख झाली. उगवतीच्या एकाही छपराची काडी जळाली नाही. माणूस एकही गेला नाही, आगीनं नाही आणि त्यानं नाही. पाण्यातून तो कधी उठून गेला, ते कुणी बघितलं नाही. तिकडं बघायची हिंमतच नव्हती.

ठमा अजून झाडत होती. जमीन गार झाली, निखारे विझले, तरी हात चालूच. साळूनं हाक मारली, नाईकानं मारली. तिला ऐकू येत नव्हतं. तेव्हा लहानू तिच्याजवळ गेला. महिन्या-दोन महिन्यांत तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता तो. त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली.

"ठमावयनी," तो म्हणाला, "सोड आता."

पावसाच्या आत मावळतीची आळी पुन्हा बांधली, पट्टी तेवढीच ठेवून. साळू पोरीला घेऊन सुखरूप घाट उतरली. ठमाला गाव म्हणालं, जागा माग, कुठंही दे म्हण. तिनं डोंगराच्या तोंडाचं पहिलं घर मागितलं. का, ते सांगितलं नाही. म्हातारी होईपर्यंत तिथंच राहिली.

नाईकाला मात्र एक गोष्ट सलत होती. पुष्कळ वर्षांनी त्यानं तिला विचारलंच, "ठमे, तुला जर कळलं हुतं, तर त्या वरीसभर गप का बसलीस?"

"भ्याले म्हणून."

"ते झालं. पण बोलायचंस तरी."

ठमा म्हणाली, "नाईक, जागा आखताना तुम्ही समद्यांना इचारलं, पाणी कुठं, ऊन कुठं, गुरं कुठं. मला कुणी इचारलं का, ठमे, तुला कशाची भीती वाटते?"

पुढच्या खेपेला जागा आखायची झाली तेव्हा नाईक आधी तिच्या दारात गेला, असं सांगतात.

आजही मोकळवण तशीच आहे. आणि आजही हिरडमेटमध्ये घर, गोठा, विहीर, काहीही उभं करायचं असलं, की खुंट्या ठोकायच्या आधी गावातल्या सगळ्यात भित्र्या माणसाला त्या जागेवर नेतात. त्याला मानाची टोपी देतात, विडा देतात. मग गावचा कारभारी त्याला तीनदा विचारतो, इथं तुला कशाची भीती वाटते? हा मान साधा नाही, त्यासाठी गावात चुरस असते. सध्या तो नवसू डगळेकडं आहे. साडेसहा फूट उंच, तालुक्याचा पैलवान, आणि पाल दिसली तर खाटेवर चढतो. त्याची चेष्टा करायला पोरांना वर्षभर मोकळीक. फक्त त्या दिवशी नाही.

दोन वर्षांमागं पाण्याची टाकी बांधायची ठरली. वरच्या टेपावर जागा मोजून झाली, नकाशा झाला, चुन्याच्या रेघा पडल्या. नवसूला नेलं. तो रेघेच्या आत गेला, उभा राहिला. एकदा विचारलं, गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, त्यानं डोंगराकडं बघितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"इथं नको," तो म्हणाला.

नकाशावाल्या साहेबानं विचारलं, "का नको? कारण काय?"

"सांगता येत नाय."

साहेब हसला. गावातलं कुणी हसलं नाही. दोन बाया पुढं झाल्या आणि त्यांनी खुंट्या उपटायला घेतल्या.

ती जागा अजून रिकामी आहे. तिकडून जाताना लोक जरा भरभर चालतात.